हुतात्म्यांना हार घालायचा तर ताठ मानेनं घाला!

वडूजच्या आणि खटाव तालुक्यातल्या बंधुभगिनींनो,

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडगावच्या परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला. मोर्चाकडे तिरंगा होता, पोलिसांकडे बंदुका. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले.

‘कचेरी तर इंग्रजांकडेच राहिली, मग मिळवलं काय?’ असं विचारणारे शहाणे आजही भेटतात. त्यांना आमचं रोखठोक उत्तर आहे. गोळीबार करतात तो जरब बसवायला. ती बसलीच नाही! दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात मोर्चा निघाला. तिथंही गोळ्या सुटल्या; उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी प्राण दिले. तरीही त्या वेळचा अखंड सातारा जिल्हा गप्प बसला नाही. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करू लागलं. त्यानं हत्यारंही उचलली. पण ते टिकलं ते भूमिगतांना भाकरी आणि आसरा देणाऱ्या, पोलिसांचा जाच सोसूनही तोंड न उघडणाऱ्या घरांच्या जिवावर.

दुसऱ्याला मारायची तयारी रागातून येते, पैशातूनही येते. स्वतः सोसायची तयारी मात्र आपली बाजू न्यायाची आहे हे मनोमन पटल्याशिवाय येत नाही. सत्तेला धाक वाटतो तो याच तयारीचा, कारण ती विकत घेता येत नाही आणि दमदाटीनं मोडताही येत नाही. म्हणून स्टेजवरून दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसांवर गरळ ओकणाऱ्याला कोणी निष्ठावान म्हणू नये. त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

आणि आपण? आज खरं बोलल्याबद्दल सहसा गोळी खावी लागत नाही. फार तर पुढाऱ्याची मर्जी जाते, भावकीत अबोला येतो. तेवढ्यालाच भिऊन आपण ग्रामसभेत मान खाली घालतो आणि मताची पाकिटं मुकाट्यानं घेतो.

म्हणून आमचं जाहीर आवाहन आहे :

मताचं पाकीट परत करा.

ग्रामसभेला जा. पाण्याच्या योजनेचा, रस्त्याचा हिशोब मागा. तोंडी मिळाला नाही तर माहिती अधिकारात लेखी मागा.

जो एकटा उभा राहून प्रश्न विचारतो, त्याच्या शेजारी उभे राहा. एकटा माणूस दबतो. दहा जण उठले की उत्तर द्यावंच लागतं.

वडूजच्या हुतात्म्यांचा विजय असो!

आपले,
वडूजचे काही नागरिक