भिंतीला कायदा, होडीला नाही

पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी आणि रंगरंगोटी करण्याचा हाच काळ. ठाणे आणि कल्याणच्या खाडीकाठच्या कोळी कुटुंबांना नारळी पौर्णिमेआधी होडी तयार हवी असते. जुना रंग खरवडायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि मग नवा रंग लावायचा. काम घरचेच, त्यामुळे घरातले सगळे हात लावतात आणि मुले तिथेच बाजूला खेळतात.

धोका नव्या रंगाच्या वासात आहे, असे बहुतेकांना वाटते. थिनरच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, हे खरे. पण अधिक काळ टिकणारा धोका जुना रंग खरवडताना उडणाऱ्या धुळीत असतो. गंज आणि पाणी रोखण्यासाठी जगभर वर्षानुवर्षे शेंदराचा थर दिला गेला. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. रंग जुना झाला तरी त्यातले शिसे संपत नाही. घासले की त्याची धूळ होते. ती श्वासावाटे आत जाते, हाताला लागून भाकरीबरोबर पोटात जाते आणि कपड्यांवरून घरी येते.

शिसे हाडांत साठते आणि तिथे अनेक वर्षे राहते. गरोदरपणात ते आईच्या हाडांतून रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचू शकते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. मोठ्या माणसांत थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे अशी लक्षणे दिसतात. ती ॲसिडिटी किंवा अशक्तपणा समजली जातात. म्हणून डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हे विचारले पाहिजे आणि रुग्णाने न विचारताही सांगितले पाहिजे. शंका असल्यास रक्तातील शिसे तपासता येते.

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग आहे. चांगला नियम, पण तो घराच्या भिंतीपुरता. होड्या-जहाजांचे आणि औद्योगिक रंग त्याबाहेर राहिले. होडीच्या रंगावर कायदा करता येत नाही, असेही नाही. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिल टिनने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांचे शिंपले विकृत झाले. पुढे २००१मध्ये त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८मध्ये लागू झाला. कालवांसाठी जे जमले, ते होडी रंगवणाऱ्या माणसासाठीही जमायला हवे. ९०ची मर्यादा सर्व रंगांना लावावी.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. कोरडे घासू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा. जुना रंग जाळून काढू नये. धुळीसाठी एन-९५ मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. थिनरची वाफ मात्र एन-९५ही अडवत नाही, त्यासाठी मोकळी हवा हवी. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. खाली ताडपत्री अंथरून खरवड गोळा करावी, खाडीत लोटू नये. मुले आणि गरोदर स्त्रिया लांब असाव्यात. मच्छीमार सोसायट्यांनी डिझेल आणि जाळ्यांबरोबर मास्क आणि शिसेमुक्त रंगाचीही सोय केली, तर हा खर्च एकट्या कुटुंबावर पडणार नाही.