आधी कान, मग पाय

सहलींच्या रंगीत पुस्तिका पाहिल्या की मला नेहमी एक शंका येते. जगातल्या साऱ्या बेटांचे फोटो काढणारा माणूस एकच असावा. तोच निळा समुद्र, तोच एका अंगाला कललेला माड आणि तीच रिकामी आरामखुर्ची! चित्रात माणूस बहुधा नसतोच, आणि असलाच तर आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो. एवढ्यावर विसंबून प्रवासाला निघणे म्हणजे नुसता फोटो पाहून सोयरीक जमवण्यासारखे आहे. जुनी शहाणी माणसे फोटोवर भागवत नसत. ती शेजारच्या घरी चहाला जाऊन बसत आणि भिंतीपलीकडे कोण कोणाशी कसे बोलते ते ऐकत. गावाचेही तसेच करावे, असे माझे अलीकडे मत झाले आहे.

त्याचे कारण असे. धाकटी मेहुणी टोरांटोला असते. यंदा नाताळात तिच्याकडे जायचे आणि तिथून सर्वांनी मिळून आठ दिवस कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर काढायचे, असा बेत ठरला आहे. सौभाग्यवतींनी बॅगा काढल्या; चिरंजीवांनी माझ्या मोबाइलवर तिथले एक रेडिओ केंद्र लावून दिले. "बाबा, जस्ट ऐका," एवढेच म्हणून तो क्लासला निघून गेला.

आमच्या वडिलांच्या तरुणपणी रेडिओ सिलोन ऐकायचे म्हणजे ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर हिंडावे लागे. आवाज समुद्राच्या लाटेसारखा येई आणि ऐन कडव्यात ओसरून जाई. आता पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा आवाज इंटरनेटवरून असा येतो, की निवेदकाने पान उलटलेलेही कळावे. तो काही सेकंद उशिरा पोचतो इतकेच. आपले घड्याळ त्यांच्या साडेनऊ तास पुढे. त्यामुळे मी साडेचारचा चहा घेत असतो तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनला सकाळचे सात वाजलेले असतात आणि बेट कामावर निघालेले असते.

पहिल्याच दिवशी पुस्तिकेतले बेट बुडाले. कॅरोनीच्या सखल भागात पाणी भरले होते. (तिथला पावसाळा जूनपासून डिसेंबरपर्यंत चालतो, हे पुस्तिकेने कोपऱ्यात बारीक टायपात छापले आहे!) मग रस्त्यांवरच्या खोळंब्याची बातमी आली आणि मी कप खाली ठेवला. निवेदिका ज्या गावांची नावे घेत होती त्यांत फैजाबाद होते, बराकपूर होते, गोवळकोंडाही होते. आपल्या देशाच्या नकाशावर दूरदूर पसरलेली गावे तिथे एकाच खोळंब्यात अडकली होती.

त्यामागचा इतिहास पुस्तकांतून ठाऊक होता. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसे घेऊन त्रिनिदादला पोचले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे अशी करारावर गेली. त्यांतली बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारकडची होती. मराठी माणसाने पोर्ट ऑफ स्पेनचे नाव ऐकले ते फार उशिरा, १९७१ साली. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरवले ते तिथे. त्या सामन्यात सरदेसाईंनी शतक काढले, आणि सुनील गावसकरांचा तो पहिला कसोटी सामना. त्यांच्यावर पुढे लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या कॅलिप्सो गायकाने गाणेच रचले. पाहुण्या संघाच्या फलंदाजाचे गाणे करणारे लोक मोठ्या मनाचे असले पाहिजेत, असे वडील नेहमी म्हणत.

गाणी तर अखंड चालू असतात. एका गाण्यात ढोलक आणि लोखंडी कांबीचा धनताल वाजतो. त्या प्रकाराला ते 'चटणी' म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. नाताळ जवळ आला की स्पॅनिश बोलांची 'पारांग' गाणी लागतात, कारण व्हेनेझुएला समुद्रापलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. मधूनच आपले जुने हिंदी चित्रपटगीत येते. निवेदक त्याचे नाव अशा थाटात उच्चारतो की मूळ कवीने ओळखू नये. पण गाणे मात्र तो प्रसाद वाटावा तसा लावतो.

मग एका सकाळी, म्हणजे माझ्या चहाच्या वेळी, मृत्यूच्या वार्ता लागल्या. तिकडे ही जुनी रीत आहे. आधी एक भजन होते. मग निवेदिका मुळीच घाई न करता सांगते: अमुक गावच्या अमुक बाई निवर्तल्या, त्या कोणाच्या पत्नी, कोणाच्या आई, कोणाच्या सासू, कोणाच्या बहीण, अंत्ययात्रा किती वाजता, दहन कुठे. सगळे इंग्रजीत. त्या दिवशी ज्या बाई गेल्या त्यांना गाव ज्या नावाने ओळखत होता ते नाव शेवटी आले. 'आजी.'

आजी! भोजपुरीतला हा शब्द तिथे वडिलांच्या आईला लावतात. आपलाच शब्द, आपल्याच अर्थाने. तो ऐकला आणि मला खोलीत कोणी हाक मारल्यासारखे झाले.

भाषाशास्त्राचा तास घेताना मी मुलांना सांगतो की भाषा एकदम मरत नाही. त्रिनिदादच्या भोजपुरीचे तसेच झाले. आधी कचेरीतून गेली, मग शाळेतून, मग अंगणातून. व्याकरण बुडाले, क्रियापदे बुडाली. उरले काय? आजा, आजी, नाना, नानी. दालपुरी, भाजी, बैंगन. आणि देवाचे चार शब्द. म्हणजे नाती, स्वयंपाकघर आणि देवघर. बुडत्या घरातून माणसे जे आधी उचलतात, तेच.

हे मी त्या संध्याकाळी जेवताना सांगत होतो. चिरंजीव ऐकत होता. "इंटरेस्टिंग आहे, बाबा," तो म्हणाला. मग वळून, "आजी, आमटी पास कर ना." त्या वाक्यातले मराठी शब्द मी मनातल्या मनात मोजले: नाते, पदार्थ आणि एक 'ना'. त्याच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. त्याची आजी आमटी वाढत होती आणि त्याच्याशी भरभरून बोलत होती. तो तिचा शब्दन् शब्द समजत होता. फक्त उत्तर जेमतेम देत होता. समजणे आणि बोलणे यांच्यामध्ये एक पिढी बसते. त्रिनिदादमध्येही कधीतरी ती अशीच जेवायला बसली असेल.

या रेडिओने आमच्या सहलीचा आराखडा बदलला. आरामखुर्चीचा दिवस एकावर आला. वॉटरलू येथील समुद्रातले देऊळ यादीत वर चढले. शिवदास साधू या मजुराने १९४७ साली मळेवाल्या कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधले. ते पाडले गेले आणि त्यालाच तुरुंगात घातले. सुटल्यावर त्याने समुद्र निवडला. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही ना! वर्षानुवर्षे सायकलवरून दगडमाती वाहून त्याने पाण्यात भर घातली आणि तिच्यावर देऊळ उभे केले. सासूबाईंनी तर तिथे वाहायला हळदकुंकवाची पुडी आत्ताच बांधून ठेवली आहे.

वाचकहो, तुम्हांला कुठे जायचे नसले तरी हा प्रयोग करून पाहा. १९६६ पासून त्रिनिदादमध्ये दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी करतात आणि त्यांवर मातीचे दिवे लावतात. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या पणत्या विझून जातात तेव्हा तिकडे दिवे लागायचे असतात. पाडव्याला अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठाल तेव्हा बंब तापेपर्यंत ते केंद्र लावा. घरात आजी असेल तर तिलाही जवळ बसवा. शब्द तिला कळणार नाहीत. पण मधूनच एखादा ओळखीचा निघेल, आणि तो कोणता, हे तीच तुम्हांला सांगेल.