जनुकांच्या माथी खापर नको

एकच विषाणू एकाच घरात शिरतो. घरातल्या एकाला तो चार दिवसांच्या तापावर सोडतो आणि दुसऱ्याला थेट प्राणवायूच्या नळीपर्यंत नेतो. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग माणसाच्या जनुकांत आहे, हे विज्ञानाने आता दाखवून दिले आहे. त्या उत्तराचा उपयोग कोणी व कशासाठी करावा, हा मात्र विज्ञानाबाहेरचा, समाजकारणाचा प्रश्न आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ राज्यात प्रथम ज्या जिल्ह्यांना लागली, त्यांत यवतमाळ होता. म्हणूनच या जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

करोना गंभीर होण्याशी ज्याचा संबंध आढळला होता, तो तिसऱ्या गुणसूत्राचा एक भाग निअँडरथल मानवाकडून आपल्यापर्यंत आला, असे ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पॅबो यांनी २०२० मध्ये दाखविले. दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत तो आढळतो. युरोपात शेकडा १६ जणांत. एवढ्यावरून भारतीयांच्या मृत्यूंचे मूळ भारतीयांच्या रक्तातच आहे असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने सोयीचेही. परंतु हैदराबादच्या सीसीएमबी व बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये ताडून पाहिले, तेव्हा या भागाच्या प्रमाणाचा दक्षिण आशियातील लागण किंवा मृत्युदर यांच्याशी मेळ बसला नाही. युरोपीय रुग्णांवरून काढलेले अनुमान आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही, हा त्याचा धडा.

इतिहासही हेच सांगतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि यवतमाळ त्याच वऱ्हाडात होते. त्या वर्षी पाऊस हटला होता, धान्य महागले होते. त्याच साथीत मुंबई शहरातील मृत्यूंची जी नोंद झाली, तीत कनिष्ठ मानल्या गेलेल्या हिंदू जातींत दर हजारी ६१.६ माणसे दगावली, इतर हिंदूंत १८.९, तर युरोपीयांत ८.३. शहर एक, विषाणू एक. हिंदू समाजातल्याच दोन थरांत तिपटीहून अधिक अंतर पडावे, याचा उलगडा गुणसूत्रांत शोधण्यापूर्वी चाळीतल्या कोंदट खोल्यांत आणि रिकाम्या डब्यांत शोधावा लागतो.

मग जनुकांना काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि यवतमाळात तो फार मोठा आहे. विदर्भात सिकलसेलचे जनुक असल्याचे १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी नोंदविले. महाराष्ट्रातील परधानांसारख्या काही आदिवासी जमातींत या जनुकाच्या वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ इतके आढळले आहे, आणि ते दलित समाजातही आहे. हे जनुक म्हणजे कोणत्याही जमातीचा कलंक नव्हे. एका पालकाकडून ते आले, तर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. पिढ्यान् पिढ्या मलेरियाच्या प्रदेशात राहिलेल्यांच्या रक्तात ते म्हणूनच टिकले. मात्र दोन्ही पालकांकडून आले, की आजार जडतो.

अशा रुग्णाला श्वसनाचा विषाणूजन्य आजार झाला, की फुप्फुसातील प्राणवायू घटतो, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. प्लीहा आधीच निकामी झालेली असल्याने विषाणूमागोमाग न्यूमोनियाचे जिवाणूही आत शिरतात. अमेरिकेतील चार राज्यांच्या पाहणीत सिकलसेलग्रस्त मुलांना इन्फ्लुएन्झामुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतर मुलांच्या ५६ पट आढळले. जनुकामुळे आजार गंभीर होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

पण हेच उदाहरण दुसरेही काही सांगते. हे जनुक ओळखता येते, त्याची रक्तचाचणी स्वस्त आहे. हायड्रॉक्सीयुरिया, पेनिसिलीन आणि लसी यांनी पुढचा धोका पुष्कळ कमी करता येतो. म्हणजे जनुक जन्माने मिळते, पण मृत्यू वेळेवर न पोचलेल्या औषधाने येतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष असून सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा संकल्प आहे. तपासणी आवश्यकच आहे. पण हाती कार्ड दिले आणि गोळ्या दिल्या नाहीत, तर त्या कार्डाने मुलाचा श्वास चालत नाही; उलट मुलीचे लग्न मात्र अडते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. इन्फ्लुएन्झाची लस आजही शासनाच्या सार्वत्रिक लसीकरणात नाही. ती प्रत्येक सिकलसेल रुग्णाला दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मोफत मिळावी. न्यूमोनियाची लस २०२१ पासून देशभर तान्ह्या मुलांना मिळू लागली. त्याआधी जन्मलेल्या रुग्णांनाही ती द्यावी. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत हायड्रॉक्सीयुरियाचा साठा अखंड राहावा, आणि प्राणवायूची सोय पोडावरच्या माणसाला यवतमाळ शहर गाठण्यापूर्वी मिळावी. यांतले काहीही अशक्य नाही, फारसे खर्चिकही नाही.

उद्या नवा विषाणू येईल, आणि त्याच्यासोबत जनुकांचे नवे शोधही येतील. त्या शोधांचे आम्ही स्वागतच करू. कोणाला आधी जपायचे हे ते सांगत असतील, तर विज्ञान गरिबाच्या बाजूने उभे राहिले असे होईल. पण ज्याला जपले नाही त्याच्या मरणाची सबब म्हणून ते पुढे केले जाऊ लागले, तर त्या सबबीला ठाम विरोध करणे हे लोकशाही समाजवाद्यांचे कर्तव्य ठरते.