अठरा वर्षांची नोंद, दहा वर्षांची प्रणाली

बालरोगतज्ज्ञाचा रुग्ण जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत त्याच्याकडे येत राहतो. जन्माचे वजन, लसींच्या तारखा, उंचीचा आलेख, एखाद्या औषधाची ॲलर्जी या नोंदी इतकी वर्षे हाताशी राहणे हा उपचाराचाच भाग होय. ज्या संगणकावर आपण त्या ठेवतो, त्याच्या प्रणालीचे आयुष्य मात्र याहून पुष्कळ कमी असते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नियमित साहाय्य संपले. तिच्याबरोबर जन्मलेले मूल तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. मुदतवाढीची सोय आहे. पण ती तात्पुरतीच.

याची झळ विशेषतः लहान लॅपटॉपना बसते. सीडी घालण्याची जागा नसलेली, २ जीबी मेमरी आणि ३२ जीबी साठवणीची ही सुटसुटीत यंत्रे अनेक दवाखान्यांत आहेत. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही एक तर ते भंगारात काढायचे, नाहीतर सुरक्षा-सुधारणा बंद झालेल्या प्रणालीवर काम रेटायचे. दुसऱ्या मार्गाचा धोका काल्पनिक नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालये वेठीस धरली. त्यावरील सुधारणा मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती न बसवलेली यंत्रे बळी पडली.

माझ्या मते तिसरा मार्ग आपण गांभीर्याने विचारात घ्यावा, तो म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. उबुंटू, डेबियन, मिंट ही तिची रूपे विनामूल्य मिळतात. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तिच्यावरच संगणक शिकतात. तेव्हा ती डॉक्टरांना जड जावी असे नाही.

सीडी नाही म्हणून अडत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. चालू संगणकावर प्रणालीची फाइल उतरवून घ्यावी. ती पेनड्राइव्हवर नुसती नक्कल करून भागत नाही; रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ‘लिहावी’ लागते. त्यात पेनड्राइव्हवरील मजकूर पुसला जातो, म्हणून तो रिकामाच घ्यावा. मग लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ२ वा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडावा. यातील मोठी सोय अशी, की मूळ प्रणालीला हात न लावता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पेनिसिलीनपूर्वी आपण त्वचेवर चाचणी करतो, तसेच हे. वायफाय जोडले जाते का, प्रिंटर छापतो का, इन्स्क्रिप्ट कळफलकावर देवनागरी नीट उमटते का, हे आधी पाहावे. इंदूरसारख्या गावी पालकांसाठी मराठी आणि हिंदी, दोन्हींत सूचना छापाव्या लागतात. तिथे ही शेवटची परीक्षा महत्त्वाची. सर्व ठीक वाटले, तरच नोंदींच्या दोन प्रती बाहेर काढून प्रणाली कायमची बसवावी. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायाचा अर्थ शब्दशः तोच आहे, हे विसरू नये. त्याच वेळी डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय घ्यावा, म्हणजे लॅपटॉप रिक्षात राहून गेला तरी मुलांची माहिती परक्याच्या हाती पडत नाही.

आक्षेपही खरे आहेत. बिलिंगचे अनेक कार्यक्रम आणि काही उपकरणांची सॉफ्टवेअरे केवळ विंडोजवर चालतात. ती यंत्रे या वाटेने नेऊ नयेत. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांना आता पर्याय थोडेच उरले आहेत. लिनक्सच्या आवृत्त्यांनाही मुदत असते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. फरक इतकाच, की पुढची आवृत्ती विनामूल्य मिळते आणि साध्या यंत्रासाठी हलके रूप निवडता येते. ‘बिघडले तर पाहणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर संघटनेने द्यावे. वर्षातून एक रविवार सभासदांनी आपापले जुने लॅपटॉप घेऊन एकत्र बसावे. जाणत्यांनी नवख्यांना हात द्यावा.

प्रणाली कोणतीही असो, नोंदी मात्र कोठेही उघडतील अशा सीएसव्ही वा पीडीएफ रूपातही ठेवाव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. ‘संगणक जुना झाला’ हे उत्तर तेथे चालणार नाही. आणि ज्या आईला मुलाच्या लसींच्या तारखा हव्या आहेत, तिला तर ते मुळीच देता येणार नाही.