मैदानाखालची जमीन

इंग्लंडमधील फुटबॉल म्हटला की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल अशी नावे उभी राहतात. प्रीमियर लीगचे २० आणि तिच्या खालच्या तीन श्रेणींतले ७२, असे ९२ क्लब मिळून हे जग बनते. त्याखाली पसरलेल्या शेकडो क्लबांना तिकडे ‘नॉन-लीग’ असे सरसकट नाव आहे. एखादी गोष्ट काय नाही, एवढ्यावरूनच तिची ओळख करून दिली जात असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष होणे ओघानेच आले. १९८६-८७ च्या हंगामापूर्वी या क्लबांना वर चढण्याचा हक्कही नव्हता. वरच्यांनी मते देऊन आत घेतले तरच प्रवेश. त्या हंगामानंतर स्कारबरो हा क्लब प्रथमच केवळ खेळाच्या बळावर वर गेला.

अशा एखाद्या मैदानावर शनिवारी दुपारी तीनच्या सामन्याला जाणाऱ्याला प्रथम जाणवते ती जवळीक. घरांच्या रांगांमधून वाट काढीत गेले की लहानसे फाटक लागते. दहा-पंधरा पौंडांत आत जाता येते आणि तिकिटासाठी आधीपासून कोणाची मनधरणी करावी लागत नाही. एका बाजूला काही खुर्च्यांवर छप्पर, इतरत्र बहुधा नुसता कमरेएवढा कठडा. खेळाडूंनी एकमेकांना घातलेल्या हाका, चेंडूवर बसलेली लाथ, पंचाने दिलेली तंबी हे सारे स्पष्ट ऐकू येते. प्रेक्षकांनी पंचाला दिलेला सल्लाही पंचाला तितकाच स्पष्ट ऐकू जातो. आपला संघ ज्या गोलवर चढाई करीत असेल त्याच्यामागे उभे राहायचे आणि मध्यंतरात चहाचा पेला घेऊन दुसऱ्या टोकाला चालत जायचे, हा येथला जुना रिवाज. मोठ्या क्लबांच्या मैदानांवर खेळ पाहता पाहता मद्य पिण्यास १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. येथे मात्र बिअरचा पेला हातात घेऊन कठड्याशी उभे राहता येते, आणि तरीही सहसा दंगा होत नाही, हे विचार करण्यासारखे आहे.

फाटकावर पैसे घेणारे, चहा देणारे, मैदानाची निगा राखणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. खेळणाऱ्यांपैकीही अनेकांचे पोट दुसऱ्या व्यवसायावर चालते. जानेवारी १९८९ मध्ये सटन युनायटेड या लंडनच्या उपनगरातील संघाने एफ. ए. कपच्या सामन्यात पहिल्या श्रेणीतल्या कॉव्हेंट्री सिटीला २-१ असे हरविले. याच कॉव्हेंट्रीने १९८७ मध्ये तो चषक जिंकला होता. सटनचे व्यवस्थापक बॅरी विल्यम्स पेशाने इंग्रजीचे शिक्षक, तर विजयी गोल करणारा मॅथ्यू हॅनलन गवंडीकाम करणारा. पुढच्याच फेरीत नॉर्विचने त्यांना ८-० असे धुऊन काढले, हेही सांगितले पाहिजे. परंतु तो पराभव आज कोणाच्या ध्यानी नाही. २०१७ साली लिंकन सिटीने नॉन-लीगमध्ये असताना याच स्पर्धेची उपान्त्यपूर्व फेरी गाठली, तेव्हा त्यांचे व्यवस्थापक डॅनी काउली वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेत शारीरिक शिक्षण शिकवीत होते.

पराभवाने असे क्लब मरत नाहीत. त्यांच्या जिवावर उठते ती त्यांच्या पायांखालची जमीन. शेफिल्डच्या सँडीगेट रोडवर डिसेंबर १८६० मध्ये हॅलम आणि शेफिल्ड हे क्लब एकमेकांशी खेळले आणि हॅलमचे घरचे मैदान आजही तेच आहे. असे भाग्य थोड्यांचे. शहर वाढत आले की गोलमागचा उतार घरबांधणीवाल्यांच्या नजरेत भरतो. दक्षिण लंडनमधील डलिच हॅम्लेट या १८९३ च्या क्लबाला मार्च २०१८ मध्ये चँपियन हिल या मैदानातून बाहेर पडावे लागले. जमीन विकासकाच्या ताब्यात होती. इतकेच नव्हे, तर क्लबाच्या नावावरही व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगण्यात आला. लोकक्षोभानंतर तो मागे घेतला गेला. संघ शेजारच्या क्लबाच्या मैदानावर खेळला आणि त्याच हंगामात वरच्या श्रेणीत गेला! डिसेंबरमध्ये तो स्वगृही परतला. त्याच्या पाठीशी हजारोंचा चाहतावर्ग होता, म्हणून हे साधले.

किंग्स्टोनियनच्या नशिबी ते नव्हते. किंग्जमेडो हे १९८९ मध्ये त्याच्यासाठीच बांधलेले मैदान. आर्थिक अडचणीत ते हातचे गेले आणि २००३ मध्ये ए. एफ. सी. विंबल्डनकडे आले. हा क्लब तर आपला मूळ संघ मिल्टन कीन्सला हलविण्यास परवानगी मिळाली म्हणून चिडलेल्या चाहत्यांनीच २००२ मध्ये उभारलेला! त्यांनीही पुढे आपल्या जुन्या परिसरात परतण्यासाठी पैसा हवा म्हणून किंग्जमेडो चेल्सीला विकले आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियन बेघर झाला. बेघरपणाचे दुःख भोगलेल्यांच्याही हातून असे घडते, यात दुष्टावा कोणाचाच नसेल. जमिनीच्या भावापुढे सद्भावना टिकत नाही, एवढेच.

म्हणूनच २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याकडे पाहावे लागते. या कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आणि त्याच्या संमतीवाचून क्लबाला आपले मैदान विकता येणार नाही अशी तरतूद केली. तरतूद स्तुत्य आहे; परंतु ती पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतील ११६ क्लबांपुरती आहे. नॉन-लीगची केवळ सर्वांत वरची पायरी तीत येते. डलिच, किंग्स्टोनियन, हॅलम हे सारे बाहेर. त्यांच्या हाती २०११ च्या लोकॅलिझम कायद्याचा आधार उरतो. मालमत्ता समाजोपयोगी म्हणून नोंदली असेल, तर विक्रीच्या वेळी स्थानिकांना बोली लावण्यासाठी सहा महिन्यांची सवड मिळते. मात्र मालकाने त्यांनाच विकले पाहिजे, असे बंधन नाही.

नियामकाचे परवाने आणि हिशेबांचा जाच लहान क्लबांवर लादू नये, हा आक्षेप रास्त आहे. फावल्या वेळात क्लबाचे दप्तर सांभाळणाऱ्या चिटणीसाकडून वकिली कागदपत्रांची अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. पण मैदानाच्या विक्रीचे तेवढे एक कलम खालच्या श्रेणींपर्यंत न्यावयास या आक्षेपाची आडकाठी नाही. जमीन क्लबाच्याच नावे असो की परक्या मालकाच्या, तेवढ्याच तोलाचे पर्यायी मैदान तयार झाल्यावाचून फाटकाला कुलूप लागणार नाही, एवढी हमी संसदेने दिली तरी पुष्कळ होईल. आणि त्यासाठी आणखी एखादा डलिच घडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.