केस त्याचे, वैताग तिचा

२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले आणि घराघरांत दोन तट पडले. ११ तारखेला आदेश आला, दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा, मात्र पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका, असं सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश झाला. आमच्या भिशीत त्या दिवसांत साड्या-दागिने बाजूला पडले होते. एक बाजू म्हणे, मुलांना शाळेत पाठवायची भीती वाटते. दुसरी म्हणे, मुक्या जिवांनी जायचं कुठं?

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. पण मला त्यात एक गोष्ट सारखी जाणवत होती. रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल प्रत्येकीला मत होतं. घरातल्या, सोफ्यावर बसणाऱ्या, पैसे मोजून आणलेल्या कुत्र्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तो काय, सुखातच असणार, असं आपण गृहीत धरतो. तो किती सुखात आहे, हे बघायचं असेल तर कुत्र्यांच्या पार्लरमध्ये जाऊन बसावं. मी बसले. सातारा-सांगली भागात हे काम करणाऱ्या चौघीजणींशी बोलले आणि जे ऐकलं-पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

कुत्र्यांचं पार्लर म्हटलं की अजूनही लोक हसतात. ‘माणसांना पार्लरला जायला पैसे नाहीत आणि कुत्र्यांचे कसले लाड,’ असं म्हणतात. पण २०२०च्या लॉकडाऊनपासून लहान गावांतही हा धंदा दिसू लागला. मुलं घरात कंटाळली, त्यांनी हट्ट धरला आणि शिह त्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर अशी केसाळ कुत्री तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. सिनेमा-जाहिरातींनी कुत्रा विकत घ्यायला लावणं आपल्याला नवीन नाही. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने पांढऱ्या शुभ्र कुत्र्याचं वेड लावलं, २००३ साली हचच्या जाहिरातीतल्या पगने तेच केलं. आता मोबाइलवरचे व्हिडिओ ते काम करतात. व्हिडिओतलं कुत्रं मात्र नुकतंच न्हाऊन-विंचरून आलेलं असतं. त्यामागे रोजचा कंगवा आहे, हे त्यात दिसत नाही.

चौघींची पहिली तक्रार एकच होती. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘ताई, नुसती आंघोळ घाला हो, बाकी काही नको.’ वरून हात फिरवला तर केस मऊ लागतात, पण बोटं आत घातली की कातडीलगत सगळा गुंता! कानामागे, काखेत, मांड्यांच्या मध्ये, शेपटीच्या बुडाशी आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली हा गुंता आधी होतो, कारण तिथे केस एकमेकांवर घासतात. अशा केसांवर पाणी पडलं की लोकर आटावी तसा गुंता आणखी आवळतो. आतली ओल सुकत नाही. मग कातडी लाल होते, वास मारायला लागते, पू धरतो. पावसाळ्यात तर अशा जागी माशी बसून किडे पडतात. गोचिडांनाही ही जागा फार सोयीची. गोचीडताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण गोचीड लपते कुठे ते बघायचं राहून जातं.

केसांची जट म्हणजे काय दुखणं असतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी बायकांना समजावून त्यांच्या डोक्यावरच्या जटा कापल्या. त्या ओझ्याने बायकांची मान कशी अवघडायची, झोप कशी लागायची नाही, हे आपण वाचलेलं आहे. त्या बायका निदान बोलू तरी शकत होत्या. कुत्र्याच्या काखेतली गाठ तो पाऊल टाकेल तेव्हा कातडी ओढते. तो मग कमी चालतो, उचलून घेतलं की गुरगुरतो. घरचे म्हणतात, ‘हल्ली फार चिडका झालाय.’ आणि चावेल म्हणून कंगवा लावायचंच सोडून देतात. म्हणजे दुखतं म्हणून तो विंचरू देत नाही आणि विंचरत नाही म्हणून जास्त दुखतं.

दुसरी तक्रार कात्रीची. गुंता हाताबाहेर गेला की तो सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचे हाल. मशीन लावून केस कातडीलगत उतरवणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. गिऱ्हाइकाला मात्र हवा असतो ‘टेडी बेअर’सारखा गोल चेहरा, मोबाइलवरचा फोटो दाखवून. एकजण मला म्हणाली, ‘काकू, सहा महिने कंगवा नाही आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आणून म्हणतात, केस लांबच ठेवा. मी काय जादू करू?’ केस उतरवले की आतलं सगळं उघडं पडतं. जखमा, चट्टे, तळव्यात वळून रुतलेलं नख. ते सगळं आधीपासूनच असतं, पण पहिल्यांदा दिसतं ते तिच्या टेबलावर! मग आरोप ठरलेला, ‘तुम्हीच कापलंत.’ कानावरच्या घट्ट गाठी काढल्यावर कुत्रा जोरजोरात कान झाडतो आणि कधी कधी त्याने कानाच्या पाळीत रक्त साकळून सूज येते. त्याचाही दोष तिच्याच माथी. आता तर मोबाइलवरून एक तारा देऊन बदनामीही होते. म्हणून दोघीजणींनी नियमच केला आहे, की कुत्रा आत घेण्याआधी फोटो काढायचा, मालकाचा हात धरून गाठी दाखवायच्या आणि कागदावर सही घ्यायची. फार वाईट अवस्था असेल तर सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, कारण अशा वेळी गुंगीचं इंजेक्शन देऊनच केस काढावे लागतात आणि ते काम डॉक्टरांचंच.

तिसरी तक्रार पैशांची. विंचरलेल्या कुत्र्याला दीड तास लागत असेल तर गुंतलेल्याला तीन-चार तास लागतात. मशीनचं पातं लवकर बोथट होतं, चावण्याची भीती वेगळीच. जास्तीचे पैसे मागितले की उत्तर मिळतं, ‘एवढ्यात तर माणसाचं फेशियल होतं!’ कष्टाची किंमत न करण्याचा हा अनुभव शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या, घरगुती पार्लर चालवणाऱ्या आपल्यातल्या कुठल्या बाईला नवीन आहे? कुत्र्यावर तीस हजार खर्च करणारा माणूस तीन-चारशेच्या ब्रशसाठी आणि तिच्या तीन तासांसाठी घासाघीस करतो.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. सगळेच मालक निर्दयी असतात असं मला वाटत नाही. पिल्लू विकणारा सांगतो, ‘काही करावं लागत नाही, महिन्यातून एक आंघोळ घाला.’ पिल्लू असताना ते खरंही वाटतं, कारण पिल्लाचे केस मऊ असतात. साधारण आठ महिने ते वर्षाच्या दरम्यान केस बदलतात आणि तेव्हाच गुंता सर्वांत जास्त होतो. नेमकी तोवर मुलांची हौस फिटलेली असते. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतो, तिथे शिह त्झूचे केस कसे विंचरायचे हे विचारायला कोण जाणार? आणि ग्रूमिंगवाल्याही सगळ्याच शिकलेल्या नसतात. चार व्हिडिओ बघून दुकान उघडणारे आहेत, गळ्याला दोर आवळून उभं करणारे आहेत, गरम हवेसमोर कुत्र्याला ताटकळत ठेवणारेही आहेत. म्हणून जिथे काम आपल्या डोळ्यांसमोर करतात, तिथेच न्यावं.

या सगळ्यात एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कुत्रा आणायचं ठरवतं कोण आणि कंगवा हातात घेतं कोण? हट्ट मुलांचा, पैसे आणि रुबाब नवऱ्याचा, फोटो सगळ्यांचे. त्याचं खाणं, शी-शू आणि सोफ्यावरचे केस झाडणं मात्र ‘आई’च्या वाट्याला. स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधं, स्वतःची नोकरी यांत आणखी एका जिवाचे केस तिने विंचरायचे कधी? पार्लरमध्ये बोलणी खायलाही तीच असते, कारण कुत्र्याला घेऊन आलेली तीच असते. म्हणजे टेबलाच्या अलीकडे एक दमलेली बाई, पलीकडे दुसरी, आणि ज्यांनी हौसेने आणलं ते घरी. ग्रूमिंगवालीचा वैताग खरा आहे, पण तो बहुतेकदा चुकीच्या माणसावर निघतो.

कायदा काय म्हणतो? १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचं नीट चालावं आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत याची काळजी घेतली पाहिजे. केसांच्या गुंत्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. अकराव्या कलमात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे तो दहा ते पन्नास रुपयांचा. २०१७च्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली. आपल्या गावात पिल्लू विकणाऱ्याला ‘नोंदणी दाखवा’ असं आपण कधी विचारलंय का? कायदा आपल्या घरात येऊन कंगवा फिरवणार नाही. ते घरच्यांनीच ठरवायचं आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगते, या चौघींकडूनच शिकलेल्या. आंघोळ घालायच्या आधी विंचरा, नंतर नाही. नुसते वरचे केस विंचरू नका; एका हाताने केस वर धरा आणि कातडीपासून थराथराने खाली या. ब्रशनंतर लोखंडी कंगवा फिरवा, तो अडकला तर गाठ आहे असं समजा. गाठ कात्रीने कापायला जाऊ नका, कारण गाठीबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. माणसांचा शांपू वापरू नका, त्यांची कातडी वेगळी असते. पावसातून आल्यावर अंग पुसून पूर्ण कोरडं करा. थंडीतला स्वेटर आणि पट्टा रात्री काढून ठेवा. शिह त्झू-ल्हासाचे केस आखूड ठेवले तर काही बिघडत नाही, उलट आपलं काम कमी होतं. हस्की किंवा गोल्डन रिट्रीव्हर यांना मात्र दोन थरांचे केस असतात. ‘उन्हाळा आहे, झिरो मारा’ असं म्हणू नका. तो थर त्यांना उन्हापासूनही वाचवतो आणि एकदा उतरवला की कधी कधी नीट परत येत नाही. त्यांचे आतले गळणारे केस विंचरून काढणं हाच उपाय.

आणि मुख्य म्हणजे हे दहा मिनिटांचं काम घरात वाटून घ्या. पोळ्यांच्या वेळी मुलीने, रात्री बातम्या बघताना नवऱ्याने. बातम्या बघता बघता कुत्र्याचे केस सहज विंचरता येतात! पिल्लू घरी आल्या दिवसापासून पंजाला, कानाला, पोटाला हात लावायची सवय केली तर पुढे तो गुरगुरत नाही.

ज्यांनी अजून कुत्रा आणलेला नाही त्यांनी आधी घरच्यांना समोर बसवून विचारावं, रोज कंगवा कोण धरणार? उत्तर आलं नाही तर आखूड केसांचं कुत्रं बघावं. आपल्या महाराष्ट्रातला कारवानी आहे, गल्लीतलं साधं गावठी पिल्लू आहे. ते जीव लावण्यात कुठेही कमी पडत नाही आणि आपली हवा त्याला मानवते. सैबेरियाचा हस्की अकोला-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत आणण्याची हौस कुणाच्या जिवावर चालली आहे, याचा विचार करायला नको का?

घरात केसाळ कुत्रा असेल तर आज रात्री एवढंच करा. तो शेजारी येऊन बसला की त्याच्या कानामागे, कातडीपर्यंत बोटं घाला. बोटं अडली तर आरडाओरडा नको, कुणाला दोष नको. उद्या सकाळी पार्लरला फोन करा आणि मोकळेपणाने सांगा, ‘ताई, गुंता झालाय, केस किती आखूड करायचे ते तुम्हीच ठरवा.’ आणि कुत्र्याला घेऊन जाताना, ज्याने तो आणला त्यालाही बरोबर न्या.