मावशीचे सात हजार

"जाहिरात केल्याशिवाय धंदा वाढत नाही" हे आम्हा आयटीवाल्यांचं लाडकं वाक्य. तेच ऐकवून मी डोंबिवलीच्या मावशीला तिच्या पुरणपोळ्यांची गूगलवर जाहिरात करायला लावली. महिन्याचे ६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. तिची नोंदणी नाही, म्हणजे तो परत मिळायचा प्रश्नच नाही. एकूण ७,०८०.

डॅशबोर्ड म्हणाला, ३१ ऑर्डर्स! मी खूष. मावशीने वही उघडली. "अरे, यातली १९ माणसं माझी जुनीच आहेत."

ती तिचं नाव टाकूनच शोधत होती. सगळ्यात वर जाहिरात दिसली, त्यावर क्लिक केलं. म्हणजे आपल्याच दाराशी आलेल्या गिऱ्हाइकासाठी आपणच दलाली भरली! ईबेवरचा २०१५ साली छापून आलेला शोधनिबंध हेच सांगतो: कंपनीच्या नावावरच्या जाहिराती थांबवल्या, तरी जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच.

उरले १२ नवे. माणशी खर्च ५९०, ऑर्डरमागे सुटतात २५०. म्हणजे तो माणूस तिसऱ्यांदा आला तर फायदा. येईल? देव जाणे.

जाहिरात वाईटच, असं नाही. एका गिऱ्हाइकामागे हजारो सुटत असतील तर जरूर करा. पण क्लिक मोजणं म्हणजे हिशोब नव्हे. प्रत्येकाला विचारा, "आमचं नाव कुठे कळलं?" आणि दोन आठवडे जाहिरात बंद ठेवून बघा. मावशीने ठेवली. जुनी गिऱ्हाइकं जागेवर आहेत.

असो. सात हजार मी देऊ केले, तिने घेतले नाहीत. तेच जास्त लागलं.